बाटलीचं बारसं

...अन् वरून मलाच इचारतेत, मेथुसेला तुम्हाला ठाऊक न्हाई का! न्हाई ठाऊक! कशाला राहील ठाऊक? मला शेर ठाऊक हाय, अधोली ठाऊक हाय, पायली ठाऊक हाय. दोन शेराची अधोली, चार शेराची पायली, आमच्या टेंभुर्णीत शेंबडं लेकरू बी सांगतंय. पण बाटलीला नाव? अहो, दारू भरायची, बूच मारायचं, पेणाऱ्यानं पेयाची, रिकामी झाली की बायकांनी त्यात गोडं तेल भरायचं, संपला बाटलीचा जन्म! तिचं बारसं करायला कुणी सांगितलं होतं? मला तर वाटतं, तिकडं विलायतेत आत्याबाया लई झाल्या असतील अन् लेकरं कमी पडली असतील, मंग घेतली एकेक बाटली मांडीवर, केलं तिच्या कानात कुर्रर्र, अन् ठेवलं नाव... काय तर म्हणे मेथुसेला!

तुम्हाला सांगतो, ह्या एका नावापायी आमच्या धर्मराज पाटलाची जी गत झाली ना, ती वैऱ्याची होऊ नये. न्हाई, असं उठू नका. बसा. तंबाखू घ्या. आता सुरू केलंय तर सगळंच ऐका.

तर धर्मराज पाटील. निजामाचं राज्य, गाव टेंभुर्णी, पाटील आमचा धर्मराज. माणूस कसा? मिशी एवढी, आवाज तेवढा, अन् काळीज म्हणाल तर लोण्याचं. पण त्याचं नाव होतं ते मापात. खळ्यावर ज्वारी मोजायला बसला की बघत राहावं! पायली भरायची, मंग भुईवर तीनदा ठोकायची, ठक, ठक, ठक, म्हंजे दाणा कसा खाली बसतो, मंग वर अजून ओंजळ, त्याच्यावर शीग, अन् शिगेवर बी एक चिमूट. अन् ठोकताना मोजणार कसा? 'एक' न्हाई म्हणायचा. पहिल्याला आपल्यात 'लाभ' म्हणतेत ना, तसं... 'लाभ! दोन! तीन!' घेणारा हात जोडायचा, 'पाटील, बस करा, सांडून राह्यलंय!' तर हा म्हणायचा, 'सांडू दे! धर्मराजच्या घरचं माप सांडलं तर चालंल, पण उणं जायला नगं!' हे वाक्य ध्यानात ठेवा बरं का. सगळा घात ह्याच्यात हाय.

अन् ह्या माणसाला दुःख एकच. त्याची लेक, गोजर. एकुलती एक. नवसाची. दिली नदीपल्याड, भोकरदनच्या अंगाला. उन्हाळ्यात म्हणाल तर बैलगाडीनं सकाळी निघालं की जेवायला लेकीकडं. पण पोरीला माहेर हवं कधी? पंचमीला! अन् पंचमी येती कधी? श्रावणात! अन् श्रावणात आमची नदी कशी? दोन्ही थड्या भरून, चहाच्या रंगाची, अन् डरकाळ्या फोडत! पहिल्या साली गोजर आली पल्याडच्या काठापर्यंत, हात हलवला, गेली माघारी. दुसऱ्या साली तेच. तिसऱ्या साली द्वारकावहिनीनं, म्हंजे पाटलीणबाईनं, पुरणाचे दिंड उकडले, लेकीच्या आवडीचे, अन् दोघं नवरा-बायको डबा घेऊन काठावर उभे. पल्याड गोजर. ती ओरडून काहीतरी सांगून राह्यली, हा ओरडून काहीतरी सांगून राह्यला, अन् पाण्याचा आवाज एवढा, की ह्याला ऐकू आलं 'बाबा' एवढंच. तेवढ्यावर हा पाटील, एवढी मिशी, बसला काठावर अन् ढसाढसा रडला. मी बघितलंय माझ्या डोळ्यानं. म्हणाला, 'गड्या, मरायच्या आधी ह्या नदीवर पूल बांधीन.'

झालं. अर्जावर अर्ज, अर्जावर अर्ज! शेवटी माघात हुकूम आला. पुलांच्या खात्याचा गोरा इंजनेर येणार, पार्किन साहेब, जागा बघणार, नकाशा तिथंच पास करणार. गावात आनंदीआनंद! पण साहेबाच्या आधी आठ दिवस आला पेशकार, कचेरीचा मोठा कारकून, लाल टोपीचा. पाटलाच्या ओसरीवर बसला, दोन कप चहा पेला, टोपीचा गोंडा असा मागं टाकला, अन् म्हणाला, "पाटील, साब खुश तो पूल पास. घनसावंगी की तरफ एक गांव ने साब को मॅग्नम पिलाया. उनका पूल हो गया."

पाटील म्हणाला, "मॅग्नम म्हंजे?"

"शांपेन. फेसवाली दारू. दो बाटली की एक बाटली, उसको मॅग्नम बोलते. तुम्हारा पूल कितनी कमान का?"

"आठ कमानींचा."

"बस! तो तुमको मेथुसेला होना. आठ बाटली की एक बाटली. आठ कमान का पूल, आठ बाटली की बाटली. बराबर?"

आता मला सांगा, आठ बाटल्या पाहिजेत तर आठ बाटल्या म्हण ना! आठ घे, ओळीनं मांड, साहेबाला दिसतील बी जास्ती! पण न्हाई. आठाची एकच पाहिजे, अन् तिला नाव पाहिजे. बाटलीचं बारसं करायला कुणी सांगितलं होतं?

मंग काय, जुंपली गाडी, दीड दिवसाची वाट, गाठलं जालना. तिथं सुगनचंद शेठ. मारवाडी माणूस, कपाळाला टिळा, गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात कांद्याला हात लावला न्हाई तर दारूला कशाला लावतोय! पण त्याचा आजा जुन्या छावणीतल्या गोऱ्या पलटणीला माल पुरवायचा. पलटण गेली, गिऱ्हाईक गेलं, माल राह्यला. अन् आज्यानं नातवाला ही नावं पाढ्यासारखी पाठ करून दिल्ती. धर्मराजनं नुसतं 'मेथुसेला' म्हणायचा अवकाश, शेठनं डोळे मिटले, मांडीवर ताल धरला, अन् सुरू...

"दो की मॅग्नम, चार की जेरोबोम, छे की रेहोबोम, आठ की मेथुसेला, बारा की साल्मनाझार, सोला की बाल्थाझार, बीस की नेबुकदनेझर... रामजी की कृपा!"

धर्मराजचा जबडा खाली. म्हणाला, "शेठजी, ही काय पिशाच्चं उतरवून राह्यले का?"

"अजी न्हाई पाटीलजी! ही नावं हायत. पुराण्या राजांची, बुढ्ढ्यांची. गोऱ्यांच्या पोथीतली. तुमचा हा मेथुसेला राजा न्हाई, बुढ्ढा होता. हजार वर्सं जगला."

"हजार?"

सुगनचंद हिशोबाचा पक्का. डोळे उघडले. "हजाराला एकतीस कम."

"बघा!" पाटील म्हणाला, "म्हंजे नावातच माप उणं! शेठजी, असला कारभार कशाला? तुमच्या ह्या बाटलीत माल किती, सहा शेर? मंग सरळ दीड पायली म्हणा! 'द्या हो दीड पायली शांपेन!' कसं सोपं झालं!"

शेठ काय म्हणाला असेल? म्हणाला, "पाटीलजी, तुमच्याकडं काय कमी नावं हायत का? चिपटं, मापटं, अधोली... माझ्या आज्याला पाठ करायला ह्याच्यापेक्षा जास्ती दिवस लागले!"

आता घ्या! अहो शेठ, ते वेगळं! ते नाव न्हाई, ते माप हाय! मापटं म्हणलं की मापटं डोळ्यापुढं दिसतंय! पण मारवाड्याला कोण समजावणार? त्यानं शिडी लावली, वरच्या फळीवरनं दोन उपरण्यांच्या घड्या घेतल्या हातात, म्हंजे दारूच्या बाटलीचा विटाळ नको, अन् त्या घड्यांनी धरून उतरवली... अबबबब! तुम्हाला सांगतो, बाटली न्हाईच ती, सहा महिन्यांचं बाळसेदार लेकरू! ढेरी हाय, गळा हाय, डोक्यावर सोनेरी टोपडं हाय. फक्त रडायचं बाकी. शेठ म्हणाला, "एक बात, पाटीलजी. काय बी करा, हिला धक्का देऊ नका. हिच्या पोटात वारा कोंडलाय. झटका बसला की फुटली."

धर्मराजनं कानाला खडा लावला. धक्का न्हाई म्हंजे न्हाई! अन् बैलगाडीत धक्का कसा चुकवायचा? लढवलं डोकं त्यानं... गाडीच्या साट्याला बांधली झोळी! धोतराची! त्यात निजवली बाटली, वर पांघरलं उपरणं, अन् दीड दिवस हा माणूस बैलं हाकता हाकता एका हातानं झोका देऊन राह्यला. खड्डा आला की झोळी छातीशी. ऊन आलं की वर टापराची सावली. वाटेत एका म्हातारीनं इचारलं, 'लेकराची माय कुठं हाय रं?' तर हा म्हणतो, 'विलायतेत!'

गावात गाडी शिरली अन् बोंब झाली, पाटलानं लेकरू आणलं! सगुणाबाई शेजारची, ती हातातलं पीठ तसंच घेऊन पळत आली. 'कुणाचं गं बाई, कुणाचं?' द्वारकावहिनी दारात उभी, कंबरेवर हात. झोळीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. ह्यानं घाईघाईनं उपरणं काढलं. आतून हिरवीगार बाटली. वहिनी म्हणाली, "अगं बाई, सवत परवडली असती! ही काय हो?"

"मेथुसेला."

"नाव बी ठेवून आणलं?" वहिनी म्हणाली. "मला बोलवायचं तरी होतं बारशाला!"

ऐका! त्या बाईला जे कळलं ते सगळ्या विलायतेला कळलं न्हाई. बाटलीचं बारसं करायला कुणी सांगितलं होतं? पण मंग तिनं इचारलं, "हिनं पूल होईल?" पाटील म्हणाला, "होईल. गोजर पंचमीला आपल्या झोक्यावर बसंल." तेव्हा वहिनीनं डोळ्याला पदर लावला, बाटली उचलली, अन् माजघरात थंड रांजणाशेजारी घोंगडीवर निजवली. तीन दिवस घरात कुणी मोठ्यानं खोकललं न्हाई.

आला साहेब! नदीकाठी चिंचेखाली टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर अंथरलेला नकाशा. काय देखणा नकाशा! निळ्या शाईनं काढलेल्या आठ कमानी, चार पल्याडच्या, चार आल्याडच्या, नुसता बघूनच धर्मराजला गोजर पुलावरनं चालताना दिसली. साहेब लांबडा, लाल तोंडाचा, मिशीला मेण लावलेला. त्यानं नदी बघितली, मान हलवली. जागा बघितली, मान हलवली. अन् मंग द्वारकावहिनीनं पदराखालून आणली बाटली... साहेब खुर्चीवरनं उठला! "मेथुसेला!" म्हणाला. लहान लेकरासारखा टाळ्या वाजवून राह्यला! पेशकारानं पाटलाकडं बघून असा डोळा घातला. झालं काम! साहेबाच्या खानसाम्यानं सोनेरी टोपडं सोडलं, तार सोडली, आता फक्त अंगठ्यानं बूच हळूच ढकलायचं, फुस्स, अन् गिलासात...

तेवढ्यात आमचा भुजंग.

भुजंग कोण? धर्मराजचा चुलतभाऊ. ह्या माणसाची हयात दुसऱ्याचं उणं काढण्यात गेली. गर्दीतनं मान वर केली, बाटलीकडं बघितलं, अन् सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलला, "पाटील, गळा रिता हाय की! चार बोटं उणी! साहेबाला उणं माप?"

अहो, बाटलीचा गळा थोडा रिताच असतो! सगळ्या बाटल्यांचा असतो! पण भर गावात, पाव्हण्यापुढं, धर्मराज पाटलाला कुणी म्हणालं, तुझं माप उणं... पाटलाचे कान लाल. सुगनचंद इसरला, झोळी इसरला, दीड दिवसाचा झोका इसरला. हात आपोआप पुढं गेले. वीस वर्सांची सवय हो! त्यानं खानसाम्याच्या हातनं बाटली घेतली, दोन्ही हातांनी वर धरली, अन् पायली ठोकतेत तशी भुईवर...

"लाभ!" ठक!

पेशकार ओरडला, "पाटील, नक्को!"

"दोन!" ठक!

खानसामा टेबलाखाली.

"ती..."

धडाम्म्म! तुम्हाला सांगतो, बंदूक बी एवढी वाजत न्हाई! बूच उडालं ते पेशकाराची लाल टोपी घेऊन थेट नदीत! अन् मागनं फवारा! साहेब न्हाला, खुर्ची न्हाली, भुजंगच्या उघड्या तोंडात दारू गेली, चिंचेवरची वानरं भिजली, टेबलावर नुसता पांढरा फेस! चिंच टिपटिप गळून राह्यली. अन् मधी धर्मराज, हातात अर्धी सांडलेली बाटली, तोंडावर फेस, पुतळ्यासारखा उभा.

नंतर मला सांगत होता, 'गड्या, त्या घडीला मला काही दिसलं न्हाई. फक्त गोजर दिसली, पल्याडच्या काठावर, माघारी जाताना.' गेला पूल! गेली पंचमी! चार बोटांपायी!

साहेबानं मिशी पुसली. बोट चाटलं. पेशकाराला काहीतरी बोलला. पेशकार बोडक्या डोक्यानं, रडवेल्या आवाजात म्हणाला, "साब पूछ रहे, ये क्या रिवाज है?"

पाटील खाली मान घालून म्हणाला, "साहेब, आमच्यात माप ठोकून देतेत. सांडलं तर चालतंय. उणं देत न्हाई."

पेशकारानं सांगितलं तसं... साहेब असा हसला, असा हसला, खुर्चीसकट मागं पडला! उठला, पाटलाची पाठ थोपटली. म्हणे, 'आमच्या मुलखात पन्नास वर्सांत एक दुकानदार असा मिळाला न्हाई!' मंग राह्यलेली अर्धी बाटली घेतली मांडीवर. अर्धी म्हंजे चार बाटल्यांचा माल बरं का! गिलास भरला, रिचवला, भरला, रिचवला... दुपार कलली तसा साहेब भुजंगच्या गळ्यात पडून गाणं म्हणून राह्यला, अन् त्याच भरात त्यानं मागितला टाक, ओढला तो ओला नकाशा, न बघता ठोकली सही. मंजूर! पेशकारानं शिक्का मारला, न बघता. गुंडाळी केली, गेली हैदराबादला. गावानं हलगी वाजवली! द्वारकावहिनीनं त्या रिकाम्या बाटलीला हळदकुंकू लावलं.

पुढच्या साली मिस्त्री आले, पाथरवट आले. पल्याडच्या काठापासनं काम सुरू. एक कमान झाली. दुसरी, तिसरी, चौथी. धर्मराज रोज काठावर बसून मोजायचा... 'लाभ! दोन! तीन! चार!' अन् चौथी झाली तशी मिस्त्र्यानं थापी धुतली, गाढवं लादली, अन् राम राम केला. पाटील म्हणाला, "ओ! बाकीच्या चार?"

मिस्त्री म्हणाला, "कोणत्या चार?" अन् नकाशाच काढला. चार कमानी पल्याडच्या, कशा स्वच्छ, ठसठशीत. अन् आल्याडच्या? शांपेन पडली होती ना नेमकी त्या अंगाला! शाई पसरून नुसता निळा निळा पट्टा. मिस्त्री म्हणाला, "हे बघा, पाणी दाखवलंय. पाण्यात पूल कसा बांधणार? अन् ही साहेबाची सही."

पाटलानं केले की अर्ज! धा केले! उत्तर आलं, 'मंजूर नकाशाबरहुकूम पूल पुरा झालेला आहे. पुऱ्या पुलाची तक्रार चालत नाही.' अन् साहेब? तो तर कवाच बोटीत बसून मायदेशी गेल्ता!

तर आता नदीवर पूल हाय, अर्धा. पल्याडनं निघतो, मधापर्यंत येतो, अन् थांबतो, काहीतरी इसरल्यावानी. सगळं गाव त्याला 'अधोली' म्हणतं. पायलीचा अर्धा भाग, ती अधोली. न्हाई, हसू नका! ठेवलं नाव! आम्हीच केलं बारसं, काय करता! गोजर पंचमीला येती. नवं लुगडं नेसून पार अधोलीच्या टोकापर्यंत येती, अन् बाप ह्या काठावर. मधी नदी, पण अर्धीच, त्यामुळं आता बोलणं नीट ऐकू येतंय. द्वारकावहिनी दिंड फडक्यात बांधती, अन् धर्मराज ते पाखरं राखायच्या गोफणीनं भिरकावतो. पहिलं पडतं पाण्यात. हा ओरडतो, 'लाभ!' दुसरं जातं बराबर लेकीच्या पदरात. ती तिथंच बसून खाती, हा हिथं बसून बघतो.

औंदा खाऊन झालं, तिनं हात धुतले, अन् तोंडाशी हात धरून हाक मारली, "बाबा! बाकीचा पूल कधी?"

धर्मराजनं मिशी पुसली, अन् ह्या काठावरनं आवाज दिला, "होईल गं पोरी... अजून चार बाटल्या यायच्या राह्यल्यात!"